शंख-शिंपले गोळा करायला निघताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळा हा शंख-शिंपल्यांचा हंगाम आहे का?

खरं सांगायचं तर नाही. समुद्र तळ ढवळून शिंपले किनाऱ्यावर टाकतो तो पावसाळ्यात, आणि ते निवांत सापडतात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरात. पण तेव्हा मुलांची शाळा असते, आणि जून ते ऑगस्टमध्ये खवळलेल्या पाण्याजवळ जाणं हा शहाणपणा नाही. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यात समुद्र बराच शांत असतो, पाणी मागे सरलं की वाळू लांबवर उघडी पडते आणि भीती कमी. माल थोडा, पण वेचणं सोपं. मेच्या उत्तरार्धात वारा पश्चिमेकडून जोर धरतो, लाटा चढतात. तेव्हाचा बेत किनाऱ्यावर पोचल्यावर पाणी बघून ठरवा.

नेमका दिवस कसा निवडायचा? रविवारी गेलो आणि हाती काहीच लागलं नाही.

सगळी मेख इथेच आहे. रविवार बघून निघालात तर नशिबावर. तिथी बघून निघालात तर पिशवीत काहीतरी पडतंच.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे 15, त्याचे तिप्पट 45, भागिले 4 म्हणजे सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे. अष्टमीला हिशेब केला तर भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे पाय भाजायच्या वेळेला. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते. तेच दिवस धरा.

हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाईलवर त्या किनाऱ्याचं भरतीचं कोष्टक बघून ताळा घ्यावा. कोष्टकात वेळेसमोर मीटरमध्ये उंचीही दिलेली असते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. ज्या ओहोटीचा आकडा लहान, ती आपली. मुंबईचं कोष्टक वेंगुर्ल्याला वा कारवारला लावू नका. तिथलं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आपल्याकडे उधाणातही दोन मीटरच्या आसपास.

बेळगावहून एका दिवसात जमेल का?

जमतं, आणि संध्याकाळची ओहोटी त्यासाठीच बरी. पौर्णिमा, अमावास्या किंवा प्रतिपदा असेल तर घरी जेवून निघा, चारपर्यंत किनाऱ्यावर पोचा, ओहोटीच्या आधी दोन तास पाण्यामागोमाग उतरत जा. सूर्यास्त सातच्या सुमारास. पाणी परत वळल्यावर आणखी अर्धा तास मिळतो, मग आवरा. पहाटेची ओहोटी हवी असेल तर मुक्काम करा. रात्री अडीचला निघून घाट उतरणं आणि झोपेत गाडी चालवणं चार शिंपल्यांसाठी परवडत नाही.

शिनोळी-आंबोली-सावंतवाडी वाटेने वेंगुर्ला, शिरोडा, रेडी जवळ. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला उतरलात की साखळीवरून उत्तर गोव्यातल्या केरी, मोरजीकडे जाता येतं. खानापूर, लोंढा, रामनगरकडच्यांना अनमोडचा घाट. निपाणी, संकेश्वरच्या लोकांनी आजऱ्यावरून आंबोली गाठावी, बेळगावला वळसा कशाला घालायचा?

किनाऱ्यावर नेमकं कुठे बघायचं?

बहुतेक जण गाडी लावतात, समोर चालत जातात आणि तिथेच शोधत बसतात. तिथे सगळ्यांचे पाय पडून गेलेले असतात. अर्धा किलोमीटर बाजूला जा.

वाळूवर काटक्या, शेवाळ, नारळाची सालं यांची एक वाकडी रेघ दिसेल. ती मागच्या भरतीने आखलेली. या रेघेत हलका माल असतो: समुद्रफेन, पातळ शिंपले, लहान शंख. पाण्याच्या कडेला जिथे लाट मागे जाताना खरखर आवाज करते, तिथे जड माल असतो. आवाज ऐकूनच कळतं. नुसत्या वाळूवरून लाट गेली तर सळसळते, शिंपल्यांच्या थरावरून गेली तर खुळखुळते. तिसरी जागा म्हणजे किनाऱ्याची टोकं, जिथे वाळू संपून खडक सुरू होतात. खडकाच्या आडोशाला वाहत आलेलं सगळं अडकतं.

खाडीच्या मुखाशी शिंपले भरपूर साचतात, पण देवबागसारख्या संगमावर पाण्याची ओढ विश्वासघातकी असते. तिथे कोरड्या वाळूवरूनच वेचा, गुडघाभर पाण्यातही शिरू नका.

आणखी एक युक्ती. सकाळी रापण ओढली जाते तिथे जा. जाळ्यातून मासळी काढून झाली की रापणकर नको ते बाजूला टाकतात, त्यात एरवी किनाऱ्यावर न येणारे शंख असतात. आधी विचारा, जाळ्यावर पाय देऊ नका, आणि दोर ओढायला हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही. मात्र या ढिगातले बरेचसे शंख जिवंत असतात. ते पाण्यात सोडायचे.

सोबत काय न्यायचं?

कांदे-बटाट्याची जाळीची पिशवी सगळ्यात उत्तम. वाळू आणि पाणी आपोआप गळतं, समुद्रातच बुचकळून माल धुता येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन तासांत वास धरतो. नाजूक शंखांसाठी झाकणाचा डबा आणि थोडा कापूस. मोठ्या नगांना अंड्यांचा ट्रे चालतो, पण फक्त घरी येईपर्यंत. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतते आणि खडकावर घसरते. टोपी, माणशी दोन लिटर पाणी, चिमटा, आणि कागदाचे तुकडे व पेन्सिल. पेन नको, ओलं झालं की शाई पसरते.

शंख रिकामा आहे की आत जीव आहे, हे कसं ओळखायचं?

तोंड आपल्याकडे करून उजेडात धरा. आत झाकणासारखी तपकिरी वा पांढरी चकती दिसली तर मूळ गोगलगाय जिवंत आहे. पायाची नखं किंवा मिशा दिसल्या तर शंखात राहणारा खेकडा आहे. काहीच दिसत नसेल तरी घाई नको: खेकडा अंग आत ओढून घेतो आणि गप्प बसतो. उथळ पाण्याच्या डबक्यात शंख ठेवा आणि दहा मिनिटं सावली न पाडता लांब बसा. खेकडा असेल तर चालू लागतो. मुलांना हा खेळ शंखापेक्षा जास्त आवडतो.

शिंपल्याचं सोपं: दोन्ही पाळी घट्ट मिटलेली म्हणजे जिवंत. उघडी आणि आत स्वच्छ, तर घ्या.

गाडीत दुसऱ्या दिवशी जो वास येतो, तो दहातल्या नऊ वेळा न तपासलेल्या एका शंखाचा असतो. आणि त्या खेकड्याला स्वतःचं कवच नसतं, वाढत गेला की मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. म्हणून सगळे रिकामे शंख वेचून नेणं बरं नाही. एकेका जातीचे दोन-तीन नमुने पुरेत.

कुठले शंख-शिंपले मिळतात आपल्या बाजूला?

हमखास मिळतात त्या तिसऱ्या. जाड, पिवळसर, वर बारीक रेघा. बोटाच्या पेराएवढे चकचकीत चपटे बटणशंख, प्रत्येकाची नक्षी वेगळी; एकाच ओंजळीत करडे, गुलाबी, निळसर असे सगळे रंग दिसतात. सुईसारखे निमुळते मनोरेशंख. लांबट गुळगुळीत ऑलिव्ह. पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचे बॅबिलोनिया, हे रापणीत जास्त. कधी अंजिराच्या आकाराचा पातळ शंख, कधी काटेरी म्युरेक्स. कवड्या खडकाळ भागात, तुरळक. ज्या पिवळ्या लहान कवड्या आपल्याकडे देवीच्या माळेत असतात, त्या मात्र मुख्यतः लक्षद्वीप-मालदीवच्या समुद्रातल्या. वेंगुर्ल्याला त्या शोधू नका.

पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा, नखाने खरवडला तर पीठ पडतं तो तुकडा म्हणजे समुद्रफेन. तो शिंपला नव्हे, माकूळसारख्या दिसणाऱ्या कटलफिशच्या पाठीचं हाड. काष्ठौषधीच्या दुकानात विकत मिळतो. घरी पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर धुऊन, वाळवून पिंजऱ्यात अडकवा, चोच घासायला आणि कॅल्शियमला.

शिंपल्यावर बरोबर गोल भोक असतं. ते कोण पाडतं?

चंद्रगोगलगाय. ती वाळूखालून शिंपल्यावर चढते, आम्लासारखा द्रव सोडत आणि खरखरीत जिभेने घासत भोक पाडते आणि आतलं मांस खाते. भोकाची कड आत उतरती असते, ड्रिलने काउंटर पाडल्यासारखी. अशा शिंपल्यांची माळ आयती ओवता येते. वाळूवर रबरी कॉलरसारखी गोल पट्टी दिसली तर ती तिचीच अंडी, वाळूत मळलेली. कचरा समजून फेकू नका.

काय उचलणं कायद्याने गुन्हा आहे?

तिसऱ्या, बटणशंख, मनोरेशंख असे सर्वसाधारण रिकामे शिंपले यात येत नाहीत. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत 2001 साली समुद्री जीवांची मोठी भर पडली. त्यात शंख-शिंपल्यांच्या 24 जाती होत्या: नॉटिलस, महाशिंपल्याच्या काही जाती, ट्रायटनचा मोठा शंख, शिरस्त्राणशंख, पंजासारखी बोटं असलेले लॅम्बिस. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो अर्धपारदर्शक चपटा शिंपला बसवत, तोही त्यात होता. प्रवाळ, मग ते मेलेलं पांढरं का असेना, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांनाही हात लावायचा नाही. दुकानातून विकत घेतलं ही सबब चालत नाही. बाळगणं हाच गुन्हा.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काहीच आणू नये, साधा शिंपलासुद्धा नाही.

धोके कोणते?

भोवऱ्यासारखा निमुळता, सुंदर नक्षीचा कोनशंख जिवंत असेल तर बारीक विषारी बाण मारतो. काही जातींचं विष माणसाला मारू शकतं. रुंद बाजूने धरलं की सुरक्षित, असं ऐकाल, खोटं आहे. पाण्यातला कोनशंख उचलूच नका.

पाकट मासा उथळ पाण्यात वाळूखाली बसतो. पाऊल उचलून न टाकता वाळूवर घासत चाला, तो आधीच सटकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. विष उष्णतेने निकामी होत जातं, ठणका उतरतो. नंतर डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. कालवांनी भरलेल्या खडकावर हात टेकू नका, ब्लेडसारखं कापतं आणि जखम चिघळते. निळसर फुगा आणि लांब दोरे असं काही वाळूवर पडलं असेल तर मेलेलं दिसलं तरी दूर राहा.

घरी आणल्यावर साफ कसे करायचे?

पहिलं काम: मीठ काढणं. बादलीत गोड्या पाण्यात दोन ते तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून. ही पायरी टाळली की पावसाळ्यात शंख घामेजतात, आतलं मीठ ओल ओढतं आणि पृष्ठभागावर पांढरे कण येतात. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची विसळणी फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात.

मग जुना टूथब्रश आणि भांड्याचा साबण. खाचेतली घाण दाभणाने. चिकटलेले पांढरे खवले हलक्या हाताने टोकाने उचला. जोर केलात तर शंखाचा टवका निघतो.

तपकिरी सालीसारखा थर किंवा शेवाळ गेलं नाही, तरच ब्लीच. एक लिटर पाण्यात एक कप, म्हणजे 200 मिली द्रवरूप घरगुती ब्लीच. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, दर अर्ध्या तासाने बघा, जास्तीत जास्त तीन-चार तास. नंतर दिवसभर साध्या पाण्यात. ब्लिचिंग पावडर वापरू नका, खाचांत पांढरी पूड अडकून बसते. कवड्या आणि ऑलिव्ह अशा मुळात चमकणाऱ्या शंखांना ब्लीच नको आणि उकळतं पाणीही नको. चकाकी मरते किंवा बारीक तडे जातात.

चिंच, लिंबू, व्हिनेगर लावलं तर चकचकीत होतील का?

पितळेची भांडी चिंचेने उजळतात म्हणून शंखालाही लावणारे पुष्कळ आहेत, आणि सगळ्यात जास्त नमुने यानेच वाया जातात. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपले भाजूनही तंबाखूत मळायचा चुना करतात. त्यावर आम्ल टाकलं की बुडबुडे येतात, ते मळ निघाल्याचे नसून शंखच विरघळल्याचे असतात. पाच मिनिटांत नक्षी पुसट, तासाभरात पृष्ठभाग खडूसारखा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर त्याहून वाईट. आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

चमक हवी तर पूर्ण वाळल्यावर बेबी ऑइलचे दोन थेंब मऊ फडक्यावर घेऊन पुसा. खोबरेल नको: महिन्याभरात खवट वास येतो, मुंग्या लागतात, पांढरा शंख पिवळट होतो.

काळे पडलेले शिंपले पांढरे होत नाहीत, का?

ते मळलेले नसतात. प्राणवायू नसलेल्या चिखलात वर्षानुवर्षं पुरले गेल्यावर लोहाची संयुगं कवचात मुरतात. घासून उपयोग नाही. तसेच ठेवा, पांढऱ्यांच्या शेजारी छान दिसतात.

नीट ठेवलेल्या शंखांवर वर्षा-दोन वर्षांनी पांढरी भुकटी आणि आंबट वास. हे काय?

संग्राहक याला बाइनचा रोग म्हणतात, पण हा जंतूंचा रोग नाही. प्लायवूड, काही लाकडं, साधा पुठ्ठा यांतून आंबट वाफ सुटते. बंद कपाटात ओलीबरोबर ती शंखावर बसते आणि कवच खाते. खानापूर, जांबोटीच्या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल असते, तिथे हा त्रास लवकर होतो. भुकटी धरलेला शंख वेगळा काढा, साध्या पाण्यात दिवसभर भिजवा, पूर्ण वाळवा. पुढे काचेच्या बरणीत किंवा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. लाकडी शोकेस हवीच असेल तर दार थोडं उघडं राहू द्या.

प्रत्येक डब्यात चिठ्ठी: किनारा, तारीख, तिथी, वाळूत मिळाला की जाळ्यात. चिठ्ठी नसलेला शंख नुसती शोभा, चिठ्ठी असलेला नमुना.

दुकानात दक्षिणावर्ती शंख म्हणून विकतात, तो खरा असतो का?

बहुतेक वेळा नाही. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. नेहमीच्या शंखाचं तोंड तुमच्या उजवीकडे येतं, दक्षिणावर्तीचं डावीकडे. पूजेच्या शंखाची जी जात, तिच्यात असा उलटा नग अत्यंत दुर्मीळ. बाजारात येतो तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा वेगळ्याच जातीचा शंख, जो जन्मतःच डावा असतो आणि तिकडे भरपूर सापडतो. ओळख अशी: तोंडातून आतल्या मधल्या खांबावर बोट फिरवा. खऱ्या पूजेच्या शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या घड्या लागतात. परदेशी शंखाचा खांब गुळगुळीत असतो. घड्या नसतील तर हजारांत सांगितलेली किंमत देऊ नका.

समुद्र लांब पडतो. आपल्याच नद्यांत शिंपले मिळतात का?

मिळतात. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेयच्या संथ पात्रांत गोड्या पाण्यातले लांबट शिंपले असतात. बाहेरून काळपट हिरवे, आतून मोत्यासारखे चमकणारे. एप्रिल-मेमध्ये हिडकल आणि नविलुतीर्थच्या जलाशयांचं पाणी मागे हटलं की काठावर रिकामे शिंपले पडलेले दिसतात. ते पातळ आणि ठिसूळ. उन्हात वाळवले तर साल सोलते, म्हणून सावलीत वाळवा. काठाचा गाळ वरून कोरडा आणि भेगाळलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत चिखल असतो. काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नका, मुलांना तर पुढे सोडूच नका.

वेचलेल्या जिवंत तिसऱ्या घरी नेऊन शिजवल्या तर?

बेळगावला पोचेपर्यंत उन्हात चार-पाच तास जातात, त्यात निम्म्या मरतात, आणि मेलेली तिसरी पोट बिघडवते. खायच्या तर तिथेच कोळणीकडून ताज्या घ्या, तिथेच शिजवून खा. उकडल्यावरही न उघडलेल्या टाकून द्या. जेवण झाल्यावर उरलेली कवचं धुऊन घ्या. गोळा करायचे सगळ्यात स्वच्छ शिंपले तेच.